कोदोचे रोडगे

माझी शुगर उतरली तेव्हा त्याचं श्रेय घ्यायला चार दावेदार उभे राहिले, आणि सगळं बिघडलं ते तिथून.

पहिले डॉक्टर. ते म्हणाले, गोळी. दुसरे आमचे शेजारी किसनराव. ते रोज सकाळी कुंपणावरून कारल्याच्या रसाचा पेला माझ्या हातात द्यायचे आणि तो रिकामा होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत, त्यामुळं जास्वंदीच्या मुळाशी काही ओतण्याची सोय नव्हती. तिसरी शकुंतला, म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, केळझरचा गणपती. चौथा दावेदार मी. मी म्हणालो, कोदो.

कोदो सगळ्यांना माहीत असेलच असं नाही. उपासाला आपण भगर खातो ना, तिच्याच भाऊबंदांपैकी हे एक बारीक, करडं, दिसायला अगदी गरीब धान्य. आपले पूर्वज हजारो वर्षं तेच खात होते आणि त्यांच्यापैकी एकालाही कधी शुगर तपासून घ्यावी लागली नाही. (हे वाक्य मी किसनरावांना ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, "तपासाले तेव्हा होतं तरी कोन?" अशा माणसाशी शास्त्रीय चर्चा होऊ शकत नाही.) त्यात तंतुमय पदार्थ भरपूर, ते हळूहळू पचतं, रक्तात साखर एकदम चढू देत नाही. राळा, कुटकी, ज्वारी, नाचणी, सगळ्यांचे गुण मला तोंडपाठ आहेत आणि कुणी विचारलं नाही तरी मी सांगू शकतो.

मी सेलूचा. बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे. गेल्या दिवाळीनंतर माझ्या मुलानं, धीरजनं, मला गल्ल्यावरून उठवलं. "बाबा, तुमी आता आराम करा," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं. खरं कारण एवढंच की, गिऱ्हाईक साधं गंज, म्हणजे पातेलं, घ्यायला आलं तरी मी त्याला पितळेपासून स्टीलपर्यंतचा सगळा प्रवास ऐकवायचो, आणि तोवर ते समोरच्या दुकानातून गंज घेऊन घरी पोचलेलं असायचं. असो. आराम मला जमत नाही. बसलो की पाय हलायला लागतात. आधी मी आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे कॉलनीतल्या, नळांच्या वेळा सुधारायला घेतल्या, मग कुत्र्यांचा प्रश्न. त्यात शुगर निघाली. खरं सांगायचं तर मला जरा हायसंच वाटलं, कारण हातात घ्यायला काहीतरी भरीव मिळालं.

नागपूरला असलेल्या गुंजननं, आमच्या मुलीनं, भरड धान्यांवरचा एक व्हिडिओ पाठवला होता. तिनं तो सहज पाठवला. मी तो सहज पाहिला नाही. आठवड्याभरात मी घरातल्या गव्हाच्या कोठीला पाठ करून बसू लागलो. लेआउटच्या ग्रुपवर रोज सकाळी एका धान्याचे फायदे टाकू लागलो. लोक खाली हात जोडलेलं चित्र टाकायचे. ते नमस्काराचं होतं की पुरे करा म्हणून होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण माझ्या चळवळीला पहिल्याच महिन्यात एक मोठं यश आलं. शकुंतलानं गहू सोडला. जिला गरम पोळीवर तूप-गूळ घालून खाल्ल्याशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही, ती बाई गुपचूप ज्वारीची भाकर घेऊन बसायला लागली. मी तिला एका शब्दानं आग्रह केला नव्हता. नुसतं माझं उदाहरण समोर ठेवलं होतं. किसनरावांच्या मुलीच्या, आचलच्या, लग्नात तिनं पानातली पुरी तशीच बाजूला सारली आणि नुसता वरण-भात खाल्ला, तेव्हा मी पंगतीतल्या लोकांना तिच्याकडं बोट दाखवून सांगितलं, "पाहा! ही माझी पहिली शिष्या." ती खाली मान घालून जेवत राहिली. पाहुणे आले की ती त्यांच्यासाठी पोळ्या करायची, पण शेवटची पोळी शेकली की झटकन तवा उतरवून मागच्या अंगणात जाऊन उभी राहायची. मी किसनरावांना म्हणालो, आता तिला गव्हाचा वाससुद्धा सहन होत नाही. परिणाम इतका खोल आहे.

मग शुगर उतरली, आणि शकुंतला म्हणाली, "मी गणपतीले बोलली होती. यांची शुगर उतरली का केळझरले साऱ्या लेआउटले रोडग्याचं जेवन देईन. आता फेडा लागते."

आमच्या भागात नवसाचं जेवण म्हणजे रोडगे, हे ठरलेलं. गव्हाचं जाडसर पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचे पदर देऊन मुठीएवढे गोळे वळायचे आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेत पुरून भाजायचे. वरून कडक, आतून मऊ. अंगाला राख लागते, म्हणून भाजून झाले की ते पोत्यात भरतात आणि पोत्याची दोन टोकं दोघांनी धरून जोरजोरात झटकतात. राख निघून जाते, रोडगे चकचकीत बाहेर येतात. मग ते फोडून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. पोत्याची ही गोष्ट लक्षात ठेवा.

"करू ना," मी म्हणालो. "पन रोडगे कोदोचे करू."

शकुंतला मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. "रोडगे गव्हाचे राह्यते जी."

"असं कुठं लिहून हाय? माह्यी शुगर कोदोनं उतरली, आन् त्या आनंदात मी लोकायले गहू चारू? हे म्हंजे दारू सुटली म्हनून दारू पाजल्यासारखं हाय."

"पन मी बोलली ते..."

"देवाले भाव लागते, शकुंतला. गहू नाई लागत."

ती काहीतरी बोलणार होती. तोंड उघडलंही. मग माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, तोंड मिटलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी ते माझ्या युक्तिवादाचं यश समजलो. चांगल्या युक्तिवादापुढं माणूस असाच गप्प होतो, हे मी दुकानात कितीदा पाहिलं होतं.

बातमी लेआउटमध्ये पसरायला वेळ लागला नाही. संध्याकाळी किसनराव आले. त्यांना आमंत्रण कळलं होतं आणि तेच त्यांच्या काळजीचं कारण होतं. "प्रभाकरराव, मी तर म्हनतो, गहूबी जुनाच हाय ना बाप्पा. तो का परवा आला? त्यालेच प्राचीन म्हना आन् मोकळे व्हा." मी म्हणालो, प्रश्न वयाचा नाही, गुणाचा आहे. मग ते म्हणाले की कोदोनं वात होतो. त्यांच्या मिसेस म्हणाल्या की कोदोनं वात जातो. दोघांचं तिथंच, आमच्या ओसरीवर, भांडण लागलं आणि त्यांना चहा देऊन शांत करावं लागलं.

आमच्या मागच्या ओळीत हरिदासजी राहतात. इथंच शेतीशी संबंधित एका कार्यालयात नोकरीला आहेत. अतिशय सभ्य माणूस, कुणाला नाही म्हणवत नाही, हाच त्यांचा दोष. ते म्हणाले, "या ना जी आमच्या हपिसात. भरड धान्याचा कार्यक्रमच चालू हाय आमच्याइथं."

मी गेलो. भिंतींवर कोदो, कुटकी, राळा, नाचणी यांची इतकी सुंदर चित्रं होती की मला भूक लागली. पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, सातबारा आणा. मी म्हणालो, मला कोदो पेरायचा नाही, खायचा आहे. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट पाहिलं. "खाण्याची योजना नाही," ते म्हणाले. दुसऱ्या टेबलावर कळलं की कोदोविषयी माहिती मिळेल, कोदो मिळणार नाही. मी म्हणालो, माहिती माझ्याकडंच आहे, हवी असेल तर मी देतो. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ जेवायला गेले होते. डब्यात पोळी-भाजी असणार, माझी खात्री आहे.

मी उठून जाणार तेवढ्यात मागच्या हॉलमधून आरडाओरडा ऐकू आला. फोटोवाला आला होता, फ्लेक्स लागला होता, पण अल्लीपूरहून येणारे प्रगतशील शेतकरी आलेच नव्हते. त्यांच्या घरी ऐन वेळी गाय व्याली होती. साहेबांची नजर हॉलभर फिरली आणि माझ्यावर थांबली. हरिदासजी अगदी संकोचून म्हणाले, "प्रभाकरराव, दोन मिनिटं उभे राह्यता का? नुसतं उभं राह्याचं हाय." माझ्या गळ्यात दुपट्टा आला, डोक्यावर टोपी, हातात ज्वारीची कणसं. माझी शेती म्हणजे अंगणातली तुळस आणि वर सांगितलेली जास्वंद. पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. धीरजनं गल्ल्यावरून उठवल्यापासून मला कुणी कुठं उभं राहा म्हणालं नव्हतं.

कोदो शेवटी जाम गावच्या चौकात मिळाला. हायवेवर एका टपरीवाल्यानं बाहेर पाटी लावली होती, "पूर्वजांचे धान्य". मी एक पोतं घेतलं, सोबत राळा आणि कुटकी. घरी आणून पोतं सोडलं, तर कोदोच्या अंगावर टरफल तसंच. आमच्या चक्कीवाल्यानं ओंजळीत घेऊन विचारलं, "हे टरफलासकट दळू?" आता कोणताही अर्धवट माणूस नाही म्हणाला असता. मी वाचलं होतं की धान्याचं सगळं सत्त्व कोंड्यात असतं. मी म्हणालो, "सकटच." त्यानं दळलं. नंतर बराच वेळ तो चक्कीच्या पाट्यावरून हात फिरवत उभा होता.

त्या पिठाची भाकर मी घरी करून पाहायला लावली. शकुंतलानं दोनदा थापली, दोनदा तव्यावर जाण्याआधी तिचे तुकडे झाले. तिसरी कशीबशी भाजली. चावताना दातांखाली आवाज येत होता. "कसं लागते?" तिनं विचारलं. "मूळ चव हाय," मी म्हणालो. ती म्हणाली, "अजूनबी सांगते, रोडगे गव्हाचे करा." मी भाकरीचा तो घास गिळेपर्यंत उत्तर देऊ शकलो नाही, आणि नंतर विषय बदलला.

रोडग्यांसाठी मी श्रावणला सांगितलं. सेलू तालुक्यात रोडग्यांचा आचारी म्हणजे श्रावण, आणि हे त्याला स्वतःला सगळ्यात जास्त मान्य आहे. मी त्याला पीठ दाखवलं. त्यानं बघितलंही नाही. "साहेब, श्रावणच्या हातात आले का मातीचेबी रोडगे होतेत. मले कोदो नका शिकवू," असं म्हणून तो पान खायला गेला. मला तो माणूस फार आवडला. इतक्या दिवसांत शंका न काढणारा तो पहिलाच होता.

ठरल्या रविवारी सगळं लेआउट केळझरला निघालं. टेकडीच्या पायथ्याजवळ आमच्या ओळखीच्या डोमाजींचं शेत आहे, तिथं मोहाच्या झाडाखाली स्वयंपाक. वर दर्शन, खाली जेवण. बायका आणि म्हातारी माणसं सकाळीच टेकडी चढून गेली. शकुंतलाही गेली. मी खाली थांबलो, कारण गोवऱ्या नीट रचल्या जात नव्हत्या. म्हणजे त्या नीटच रचल्या जात होत्या, पण मी नसताना रचल्या जात होत्या.

श्रावणनं कढत पाणी ओतून पीठ मळलं. गोळे वळले. मी प्रत्येक गोळा वळताना बघत होतो आणि प्रत्येकाला काहीतरी सूचना देत होतो. दिसायला ते अतिशय देखणे झाले, तपकिरी, गोल, एकसारखे. श्रावणनं माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं आणि मी त्याच्याकडं. निखाऱ्यात पुरले. वारा सुटला होता, राख उडत होती, आणि मी अग्नीभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की डोमाजींच्या बायकोनं, तानाबाईंनी, मला खाटेवर बसवून हातात पाण्याचा गडू दिला. मी पाणी प्यायलो आणि पुन्हा उठलो.

दर्शन आटोपून मंडळी उतरली. केळीची पानं मांडली गेली. वांग्याच्या भाजीचा वास सगळ्या शेतात फिरत होता. ऊन डोक्यावर आलं होतं, लहान पोरं रडायला लागली होती आणि किसनराव पानासमोर बसून भाजी आणि वरण कुठवर आलं याची चौकशी करत होते. मी मध्ये उभा राहून भरड धान्यांविषयी चार शब्द बोललो. कुणी ऐकत नव्हतं, सगळ्यांच्या माना निखाऱ्याकडं होत्या. श्रावणनं लांब चिमट्यानं रोडगे बाहेर काढले आणि पोत्यात भरले. एक टोक त्यानं धरलं, एक डोमाजींनी.

पोतं झटकायला लागलं की आतून धप्प धप्प असा आवाज येतो. जड, भरलेला आवाज. तो ऐकून आमच्याकडच्या माणसाला निम्मं जेवल्यासारखं वाटतं. त्या दिवशी पहिल्या झटक्याला धप्प झालं. दुसऱ्याला जरा कमी. तिसऱ्याला काहीच झालं नाही. सर्र असा आवाज आला, चाळणीतून रवा पडतो तसा. डोमाजी थांबले. श्रावण म्हणाला, "झटका, झटका, राख हाय ते." त्यांनी आणखी झटकलं. जितकं झटकलं तितकं पोतं सपाट होत गेलं.

श्रावणनं पोत्याचं तोंड उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा बंद केलं. मग मी उघडून पाहिलं. आत एकही रोडगा नव्हता. पीठ होतं. करड्या रंगाचं, राख मिसळलेलं, छान भाजलेलं पीठ.

मग किसनराव पानावरून उठून आले, पोत्यात हात घातला, चिमूट काढून बोटांत चोळली आणि म्हणाले, "प्रभाकरराव, पीठ होतंच तर एवढ्या कष्टानं पुन्हा पीठ काऊन केलं?"

लोक हसले. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. हरिदासजी एकटे हसले नाहीत. त्यांनी वाटीत वरण घेतलं, त्यात ते पीठ कालवलं, एक चमचा तोंडात घातला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सूप म्हनून चांगलं हाय जी." त्यांच्या मिसेसनं, जिजाबाईंनी, त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. श्रावण झाडाखाली जाऊन आमच्याकडं पाठ करून बसला. "माह्या हाताले आज कोनाची तरी नजर लागली," एवढंच तो बोलला.

मला घाम फुटला होता. पण माणूस पडला तरी उभं राहण्याची एक पद्धत असते. मी घसा साफ केला. "काही हरकत नाई," मी मोठ्यानं म्हणालो. "भाजी हाय, वरण हाय, भात टाकू. नवस तं देवाले पोचला. त्याले भाव पाह्यजे. काय शकुंतला?"

शकुंतला पोत्याजवळ उभी होती. ती हसत नव्हती. तिनं माझा दंड धरला आणि मला बाजूला, विहिरीपाशी नेलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिनं माझा दंड कधी धरला नव्हता.

"देवाले चालन," ती हळू आवाजात म्हणाली. "मले नाई चालनार."

"म्हंजे?"

"मी गव्हाचं बोलली होती. तुमचा रिपोर्ट आला, तुमी त्या दिवशी जेवले नाई, नुसते घरभर फिरत होते. मले भेव वाटलं. माह्ये बाबा असेच शुगरनं गेले. पाय काळा पडला होता त्यायचा. मी दुसऱ्या दिवशी इथं आली आन् गणपतीले म्हनलं, यांची शुगर उतरली का गव्हाचे रोडगे करून साऱ्यायले जेवू घालीन. तवरक मी गव्हाले हात लावन, पन तोंडात घालनार नाई."



"मंग तू सांगतलं काऊन नाई?"

"नवसाचं असं सांगत नसते. आन् तुमी इचारलं कुठं? तुमी तं साऱ्या गावाले सांगत फिरले, माह्यी शिष्या म्हनून." हे सांगताना ती एकीकडं हसतही होती. "तुमचे कोदोचे जमले असते, तं मी पुढच्या महिन्यात एकटीच आली असती. पाच मानसायले जेवू घातलं असतं. तवरक भाकर होतीच."

मला आचलच्या लग्नातली ती पुरी आठवली. शेवटची पोळी शेकून मागच्या अंगणात जाऊन उभी राहणारी शकुंतला आठवली. वासही सहन होत नाही, असं मी सांगितलं होतं. वास सहन होत नव्हता हे खरंच होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की पायसुद्धा हलायचे थांबले.

"गहू कुठं भेटन?" मी विचारलं.

तानाबाईंच्या घरी पीठ होतं, पण बारीक आणि चार माणसांपुरतं. गावात चक्की आहे, तिथं जाडं दळून मिळेल, असं त्या म्हणाल्या. मी किसनरावांच्या स्कूटरवर मागं बसलो. ते वाटेत काहीच बोलले नाहीत, आणि किसनराव बोलत नसले की काय होतं ते मला पहिल्यांदाच कळलं. फार वाईट वाटतं.

चक्कीच्या बाहेरच्या भिंतीवर एक मोठा फ्लेक्स होता. टोपी घातलेला, दुपट्टा घेतलेला, हातात ज्वारीची कणसं धरलेला एक माणूस हसत होता. खाली लिहिलं होतं, "भरड धान्य खा, निरोगी राहा. एक प्रगतशील शेतकरी." किसनराव स्कूटर स्टँडवर लावून बराच वेळ ते वाचत राहिले.

"रोडग्याचं पीठ पाह्यजे," मी चक्कीवाल्याला म्हणालो. "गव्हाचं. जाडं."

चक्कीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मग दारातून भिंतीकडं, मग पुन्हा माझ्याकडं. "तुमी तेच ना?"

"नाई," मी म्हणालो. "तो माह्या भाऊ हाय."

"त्यायले सांगजा, लय चांगलं काम करून राह्यले," असं म्हणून त्यानं गव्हाचं पोतं सोडलं. किसनराव तोंड फिरवून खोकत होते.

परत आलो तेव्हा पंगत उठली होती. पोरांना वरण-भात दिला गेला होता, मोठी माणसं सावलीत आडवी झाली होती, पण घरी कुणी गेलं नव्हतं. नवसाचे रोडगे न खाता उठायचं नाही, असं जिजाबाईंनी सगळ्यांना बजावलं होतं म्हणे. कोदोचं ते राखाडी पीठ तानाबाईंनी अंगणात टाकलं होतं आणि डोमाजींच्या कोंबड्या त्यावर तुटून पडल्या होत्या. भरड धान्याचा फायदा त्या दिवशी झाला तो त्यांनाच.

श्रावण उठायला तयार नव्हता. त्याचा मान दुखावला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. "श्रावण," मी म्हणालो, "माह्याबी दुखावला हाय. चाल." त्याला ते पटलं असावं. पण मळायला मी त्याला हात लावू दिला नाही. मी बाह्या वर केल्या, परातीत पीठ घेतलं, मीठ टाकलं, तेल टाकलं, पाणी टाकलं आणि मळलं. आयुष्यात पहिल्यांदाच मळत होतो. हाताला चिकटणारं, ताणलं तर ताणलं जाणारं, एकमेकांना धरून राहणारं ते पीठ. मी काही बोललो नाही. सूचनाही दिल्या नाहीत. श्रावणनं पदर दिले, गोळे वळले, निखाऱ्यात घातले.

पोतं झटकलं. धप्प धप्प आवाज आला. आडवी झालेली सगळी माणसं उठून बसली.

शकुंतला नैवेद्य घेऊन वर गेली आणि उतरून आली. आल्यावर तिला मी पहिल्या पानावर बसवलं. ती नको म्हणत होती, आधी पाहुणे, आधी मोठी माणसं. पण किसनरावांच्या मिसेसनं तिला खांद्याला धरून बसवलं. कुणी कुणाला सांगितलं माहीत नाही, पण एव्हाना सगळ्या लेआउटला कळलं होतं. कुणी जेवायला सुरुवात करेना. सगळे तिच्याकडं बघत होते, आणि मी सगळ्यात जास्त.

तिनं रोडगा फोडला. आतून वाफ आली. वर तूप घातलं, ते आत मुरेपर्यंत थांबली. तुकडा तोडला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चावत राहिली. फार वेळ चावत राहिली. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. मग डोळे उघडले आणि माझ्याकडं पाहिलं.

"मीठ कमी हाय जी," ती म्हणाली.

आणि दुसरा रोडगा उचलला.